बद्द वाजणारा रांजण

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझ्या खिशावर ‘उदयोन्मुख कलावंत’ असा बिल्ला लागला. उगवायलाच एवढा वेळ, तर तळपणार कधी, असं बायकोने विचारलं. मी टक्कल पुढे केलं. तळपणं केव्हाच सुरू झालं होतं.

आता देखावा डोळ्यांपुढे आणा. बुलढाण्यातलं एक मंगल कार्यालय. स्टेजवर आदल्या दिवशीच्या नवरा-नवरीची थर्माकोलची नावं अजून लटकताहेत आणि खाली पांढऱ्या चौथऱ्यांवर माझं प्रदर्शन. मधोमध रांजण. धाड या माझ्या गावी, घरामागच्या शेडमध्ये, गॅसच्या भट्टीत मी तो तुकड्यातुकड्यांनी भाजला होता. मग ते तुकडे तांब्याच्या तारेने शिवले, फटींत तेलाच्या डब्याचा गंजका पत्रा आणि गोणपाटाच्या पट्ट्या बसवल्या. भेग लपवायची नाही, मिरवायची. शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून मी जे करायला निघालो होतो, ते सगळं त्या एका रांजणात होतं. पुण्यातलं एक कलादालन चालवणाऱ्या बाई येणार होत्या आणि एकच वस्तू निवडून नेणार होत्या. रांजण गेला असता, तर मी कलावंत. नाहीतर गावाच्या लेखी नोकरीवर लाथ मारून मडकी करणारा खुळा.

सकाळीच जीप भरून माझं खानदान उतरलं. चित्र हाताने चाचपत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. पण समोर भाजलेली माती होती, आणि आमच्या आठवडी बाजारात मडकं कोणी डोळ्यांनी घेत नाही. बोटाने वाजवून घेतात. खणकलं तर पक्कं, बद्द वाजलं तर तडकलेलं. त्यामुळे अख्खं खानदान माझी कला वाजवत निघालं. जलतरंगाची मैफल म्हणा ना! मी हात जोडून मागे-मागे.

रांजणापाशी मोठेबाबा थांबले. वडिलांचे थोरले भाऊ. मी नोकरी सोडली तेव्हा घरात माझ्या बाजूने बोललेला एकमेव माणूस. त्यांनी टिचकी मारली. तार, पत्रा, गोणपाट, वाजणार कसं?

“फुटका हाय बे!” ते कानात पुटपुटले.

“मोठेबाबा, तो तसाच करायचा होता.”

“तसाच काऊन? पुण्याची बाई येऊन राह्यली अन् तू तिच्यापुढं फुटका मांडतं?”

तेवढ्यात बाईंचा फोन आला, कार्यालय सापडेना. मी धावत चौकात गेलो आणि त्यांची गाडी घेऊन आलो. आत पाऊल टाकलं, तर मधल्या चौथऱ्यावर पिण्याच्या पाण्याचा माठ! ग्लेझचा, म्हणजे वरच्या चकचकीत लेपाचा, रंग बघण्यासाठी केलेला, जेवणाच्या टेबलाजवळचा. शेजारी मोठेबाबा, छाती काढून. मला डोळा मारला.

बाई थेट माठापाशी गेल्या. दोन्ही तळवे त्याच्या पोटावर. डोळे मिटलेले.

“किती प्रामाणिक आहे हा.”

“मॅडम, तो पाण्याचा आहे.”

“तेच तर!”

मी स्टेजच्या पडद्यामागून रांजण काढला, उराशी धरून आणला, त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी मान तिरकी केली. बघितला, नीटच बघितला.

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या, “पण असं आमच्याकडे पुण्यात खूप जण करतात. तुम्ही कशाला? तुमच्या मातीतलं वाटत नाही हे.”

मातीतलं! ती माती मी माझ्या नाल्यातून आणली होती. पत्रा माझ्या आईच्या तेलाच्या डब्याचा होता. त्यांच्या माठाची माती मात्र पोत्यातून विकत आणलेली. हे सगळं मी बोललो. बाई प्रेमाने हसल्या आणि म्हणाल्या, “तुमची बोली फार गोड आहे हो.”

माठ पुण्याला गेला. मागोमाग आणखी माठ मागवले, तसेच हवेत, साधे. मी करतो. माझं नाव आहे आता. छापील पत्रकात माझ्यामागे परंपराही लावली आहे. आमच्या घरात माझ्याआधी चाकाला कोणी हात लावलेला नाही.

माल निघायच्या दिवशी मोठेबाबा पेंढ्यात बसून एकेक माठ वाजवून पाहतात. “मी होतो म्हणून जमलं,” येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. खोटं कुठे आहे?

रांजण अंगणात आहे. मोठेबाबांनी त्यावर पोतं टाकलं आहे, लोकांनी पाहून मला हसू नये म्हणून. मी रोज सकाळी पोतं काढतो. दुपारी चहाला बाहेर येतो, तेव्हा ते परत टाकलेलं असतं, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर विटाही ठेवलेल्या असतात.