आईचा पंप आणि माझं औषध

भूकंपात गावाकडचं धाब्याचं घर पडलं, आणि माती उपसता उपसता आईच्या छातीत दमा शिरला तो कायमचा. आम्ही लातूरला आलो. पुढं गल्लोगल्ली क्लासेसचं पेव फुटलं, तेव्हा तिनं पोरांसाठी मेस काढली. दोन्ही वेळा मिरचीची फोडणी बसायची आणि तिची छाती वाजायला लागायची.

तिच्या हातचं खाऊन कितीतरी पोरं डॉक्टर झाली. बिलोलीकडचा एक तर नांदेडला छातीचाच डॉक्टर झाला. भेटायला आला की तो तिला दम्याचा पंप देई. "मावशी, हा रोज ओढायचा, त्रास असो नसो." आई मान डोलवी आणि तो गेला की पंप देव्हाऱ्यामागं टाकी. "सवय लागती त्याची. माझी लेक औषध काढून राहिलीय. ते आलं की घेईन."

ती लेक म्हणजे मी. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत होते. पेशीतल्या ज्या जीनच्या हुकमावरून श्वासनळी सुजते, त्याचंच तोंड बंद करायचं, असं आमचं औषध. उंदरांत झकास चाललं. माणसाच्या चिकट कफातून मात्र ते पेशीपर्यंत पोचेचना. वर्षानुवर्षं हेच. उंदरांचा दमा बरा करून करून मी कावले होते, आणि घरी आई माझ्या भरवशावर धापा टाकत होती. राग काढायचा तरी कुणावर?

एका दिवाळीत चकलीची भाजणी भाजता भाजता ती ओट्याला धरून खाली बसली. ओठ निळे पडले. दवाखान्यात वाफ देऊन तिला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी मी देव्हाऱ्यामागचे सगळे पंप काढून तिच्यापुढं ओतले. निम्म्यांची मुदत कधीच संपली होती. माझं डोकंच फिरलं.

"अगं, यातलं औषधबी तेच करतंय. पेशीत जाऊन सूज आणणारे जीन गप्प करतं. आम्ही त्याच्याहून नेमकं काहीतरी शोधतोय, एवढंच. आणि ते तुझ्या हयातीत येईल असं मला वाटत नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली. आईनं त्यातला एक पंप बोटानं जवळ ओढला.

"हे तेच करतं?"

"हो."

"मग तू एवढी वर्सं काय करून राहिलीस?"

मला रडूच फुटायचं बाकी होतं. तिनं एकदा माझ्या तोंडाकडं पाहिलं. माझी कीव आली असावी. त्यातला नव्यातला नवा पंप उचलून तिनं टोपण काढलं.