बंद साइट आणि सरांचं व्याख्यान

तुरीवरचा मर रोग हा माझ्या पीएचडीचा विषय. काचीगुड्याहून बसने तारनाक्याला विद्यापीठात जायचं, रोपं तपासायची आणि उरलेला वेळ वाचायचं. आमच्या लायब्ररीला निम्मी जर्नल्स परवडत नसत. मग त्यातले पेपर सगळेच जण एका फुकट साइटवरून उतरवून घेत. सगळ्यांत जास्त आमचे विभागप्रमुख सर. तेही स्वतः नाही, मला फोन करून. "जरा एवढे चार काढून दे गं."

एका सकाळी साइट उघडली तर पानावर एकच ओळ: न्यायालयाच्या आदेशावरून ही साइट बंद करण्यात आली आहे.

त्याच आठवड्यात सरांनी आम्हा विद्यार्थ्यांना सेमिनार हॉलमध्ये बसवून कॉपीराइटवर तासभर ऐकवलं. "ही चोरी आहे. संशोधकाला चोरी शोभत नाही." मी पहिल्याच रांगेत होते. त्यांची नजर माझ्यावरून सहज पुढे सरकली. कोर्टात गेलेल्या प्रकाशकांचं मला निदान समजत होतं. लिहिणारा फुकट लिहितो, तपासणारा फुकट तपासतो, हे मधे कुलूप लावून बसतात, धंदाच तो. पण सरांचं हे सोवळं बघून मला किळस आली.

मला एक जुना पेपर हवाच होता. त्याचे लेखक निवृत्त होऊन तारनाक्यालाच राहतात असं कळलं, तेव्हा सरळ त्यांच्या घरी गेले. लुंगीतले म्हातारे तेलुगू गृहस्थ. मला काय हवंय ते ऐकून हसायलाच लागले.

"मेरा लिखा हुआ मेरेकूच नहीं दिखता, अम्मा. पैसे मांगते."

तरी त्यांनी कपाट उपसलं. त्यांच्या पत्नीने तोवर मला इडली खायला लावली. शेवटी टाइप केलेला मूळ मसुदा सापडला, कडा पिवळ्या पडलेल्या, आकडे पेनने दुरुस्त केलेले.

"वापस लाने की जल्दी नक्को," ते म्हणाले. "आराम से पढो."

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "तुला तो पेपर मिळाला म्हणे? मला एक झेरॉक्स दे."

"सर, कॉपीराइट प्रकाशकाकडे आहे."

"अगं, आपल्यात काय!"

मी दिली नाही. म्हाताऱ्यांनी जपलेले ते कागद या माणसाच्या टेबलावर पडलेले मला बघवले नसते. मग सरांनी माझा प्रगती अहवाल दोन महिने सहीवाचून अडवला. मी रोज केबिनच्या दाराशी जाऊन उभी राहायचे. विनवणी एकदाही केली नाही. त्यांनी मान वर केली की फक्त बघत राहायचे. एके दिवशी त्यांनी न वाचताच सही केली आणि फाइल माझ्याकडे ढकलली.