कपाटातली परडी

देवीला शिक्षा म्हणून संग्रहालयात नेऊन ठेवणारी बाई आमच्या अख्ख्या जिल्ह्यात एकच असेल, आणि ती माझी सासू आहे.

त्यांना मी आत्या म्हणते. आत्या तुळजाभवानीच्या आराधी. लग्न होऊन मी उमरग्याला आले, त्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी त्या मळवट भरून, गळ्यात कवड्यांची माळ घालून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात परडी. परडी म्हणजे वेताची पसरट टोपली. काठाला कवड्या शिवलेल्या आणि मधे देवीचा लहानसा पितळी मुखवटा. मंगळवारी आणि शुक्रवारी ती घेऊन पाच घरी जोगवा मागायचा आणि आलेल्या पिठाची भाकरी करून घरच्यांनी खायची. पहिली मूठ मात्र घरच्या सुनेनं वाढायची, अशी आमच्याकडची रीत.

मी नर्स. सकाळची ड्यूटी, केस ओले, एका हातात डबा, आणि ह्या दारात वाट अडवून उभ्या. मी घाईघाईनं डब्यातलं ज्वारीचं पीठ मुठीत घ्यायची आणि परडीत टाकून पळायची. नवरा दात घासत घासत आईला म्हणायचा, "गाव लुटायच्या आधी घर लुटतीस व्हय गं?" आत्या त्याच्या कपाळाला पिठाचं बोट लावायच्या आणि पुढच्या घरी चालू लागायच्या.

माझा देवावर फार लोभ नाही. दवाखान्यात देवाला उशिरा येताना मी इतक्या वेळा पाहिलंय, की आता त्याची वाट बघत नाही. तरी ती मूठ मी कधी चुकवली नाही. मामा गेले, म्हणजे सासरे, तेव्हाही सुतक फिटल्यावर आत्यांनी परडी पुन्हा उचलली आणि मी पुन्हा मूठ वाढली.

दोन वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी ते सगळं थांबलं. हायवेला लागून नवऱ्याचं गॅरेज होतं. ट्रकखाली पाना घेऊन आडवा झालेला हा माणूस बराच वेळ बाहेर आला नाही, आणि इतरांना वाटलं काम चाललंय. दवाखान्यात आणला तेव्हा ड्यूटीवर मीच होते. छाती दाबणारीही मीच. डॉक्टरांनी माझा हात धरून बाजूला केला तोवर मी दाबतच होते.

आत्या त्या वेळी परडी घेऊन चौथ्या की पाचव्या दारात उभ्या होत्या. घरी आल्या तर अंगणात माणसं. भरलेली परडी त्यांनी ओट्यावर ठेवली आणि भिंतीला टेकून बसल्या. रडल्या नाहीत. त्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. बायका गळ्यात पडून रडायच्या, आणि आत्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवायच्या, जसं काही त्यांचंच कुणी गेलंय. त्या दिवसाच्या पिठाची भाकरी कुणी केली नाही. ते डब्यात जाळी धरून बसलं, शेवटी मी गाईपुढं टाकलं.

तेराव्यानंतर आत्या एकदाच बोलल्या. "म्या हिच्यासाठी दारोदार हिंडत व्हते, आन् हिनं तेवढ्यात माझंच घर मोकळं केलं."

परडी अशी सोडून देता येत नाही. दुसऱ्या बाईच्या हाती द्यावी लागते, नाहीतर पाण्यात सोडावी लागते. शेजारणी समजवायला आल्या. पण त्याच सुमाराला जुन्या वस्तू गोळा करत फिरणारे एक निवृत्त गुरुजी दारात आले. तुळजापूरच्या अलीकडच्या एका गावात संग्रहालय आहे, त्यांना घरोघरचं जुनंपानं हवं होतं. मी माळ्यावरची फुटकी चरवी काढायला उठले, तेवढ्यात आत्यांनी परडी, मुखवटा, माळ, सगळं त्यांच्या पिशवीत घातलं. गुरुजी बिचकले. म्हणाले, "आजी, नीट विचार करा." आत्या म्हणाल्या, "केलाय. तिला कपाटात घाला. कुलूप लावा. दार बंद झाल्यावर कसं वाटतं, तिलाबी कळू दे."

त्यानंतर घरात आम्ही दोघी. माझी मुलगी लातूरला हॉस्टेलवर. मी ड्यूटीवर जायचे, यायचे. भाजी काय करायची, गॅस कधी संपला, एवढंच आमचं बोलणं. त्याचं नाव आत्यांनी एकदाही घेतलं नाही. घ्यायची वेळ आलीच तर "त्यो" म्हणायच्या, आणि मग "त्यो"सुद्धा बंद झाला. मंगळवारी तोंड भिंतीकडं करून पडून राहायच्या. जेवण चिमणीएवढं. मी वॉर्डमध्ये अशी माणसं पाहिली आहेत. न रडलेली माणसं आतून वाळत जातात आणि एक दिवस साध्या तापानं जातात. मला त्यांची भीती वाटायला लागली होती. ह्या बाईनं एकदा रडावं, एवढंच मला हवं होतं. देवीशी तिचं काय ते तिनं बघावं.

गेल्या महिन्यात एका सोमवारी त्या अचानक म्हणाल्या, "उंद्या सुट्टी काढ. मला तिकडं न्हे."

"कुठं?"

"तिला ठिवलंय तिथं. कशी बसलीया ती बगायचंय."

मंगळवारची तुळजापूरची एसटी म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. नळदुर्गला आणखी एक घोळका चढला आणि "आई राजा उदो उदो" सुरू झालं. एका बाईनं आत्यांच्या कपाळाला कुंकू लावायला हात पुढं केला. आत्यांनी मान खिडकीकडं फिरवली. ती बाई माझ्याकडं बघायला लागली, तशी मी माझंच कपाळ पुढं केलं. उगाच कशाला भांडण, बसमध्ये.

फाट्यावर उतरून रिक्षानं गावात गेलो. संग्रहालय म्हणजे निजामाच्या काळातली एक दगडी कचेरी. अंगणात डोकी नसलेल्या मूर्ती ओळीनं मांडलेल्या, त्यांच्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातलेला. दारात एक बाई कमरेला किल्ल्या लावून झाडत होती. तिथली साफसफाई तिच्याकडं. साहेब धाराशिवला गेलेत म्हणाली, पण बघायला ना नाही.

आत जे काही होतं त्याला ना शेंडा ना बुडखा. पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या, मातीत सापडलेले मणी आणि बांगड्यांचे तुकडे, त्याच्या शेजारी निजामी नाणी, त्याच्या शेजारी शिट्टी नसलेला कुकर. पायली-अधोलीची मापं, अडकित्ते, गंजक्या तलवारी, पेंढा भरलेलं दोन तोंडांचं वासरू. एका पेटीत काचेची इंजेक्शनं आणि ती उकळायचं भांडं होतं. नोकरीला लागले तेव्हा अशीच इंजेक्शनं मी रोज उकळायचे. स्वतःच्या हातची वस्तू अशी काचेमागं बघून मला हसूही आलं आणि कसंसंही झालं. म्हटलं, आत्या, बघा, मीपण इथंच बसायच्या लायकीची झाले. आत्यांनी ऐकलंच नाही. त्या भिंतीला हात लावत लावत पुढं गेल्या होत्या.

परडी शेवटच्या खोलीत होती. उभं लाकडी कपाट, पुढं काच, कडीला कुलूप. मागं कवड्यांची माळ टांगलेली. मला वाटलं होतं, वस्तू धूळ खात पडली असेल, आत्या एक नजर टाकतील, त्यांचा राग शांत होईल नाहीतर वाढेल, आणि आम्ही दुपारच्या गाडीनं परत जाऊ.

धूळ नव्हती. इतर कपाटांच्या काचा मळक्या होत्या आणि ह्या एकाच काचेवर हाताच्या उंचीला कुंकवाची बोटं उठली होती. आत, परडीत, पीठ होतं. पांढरं, करडं, एकावर एक पडलेलं, एका कडेला शीग झालेली. त्यात तांदळाचे दाणे, काही नाणी, एक वाळलेलं झेंडूचं फूल. मुखवट्याची हनुवटी पिठात बुडाली होती.

झाडणारी बाई मागून आली आणि माझ्याकडं तक्रार सुरू केली. "ह्या कपाटानं माझा जीव घेतलाय बगा. काच पुसली की पुन्यांदा कुंकू. साहेब म्हनत्यात, ही वस्तू हाय, देव न्हाय, हात लावू देऊ नको. बायका ऐकत्यात व्हय? वरच्या फटीतनं पीठ सोडत्यात. मागं लई मुंग्या झाल्या व्हत्या. सायबांनी कुलूप काढून सगळं झाडलं, तर दुसऱ्या मंगळवारी हाय तेवढंच."

आत्या काचेजवळ गेल्या. इतक्या जवळ, की काचेवर श्वासाची वाफ आली.

"म्या समजले, उपाशी बसली असंल," त्या म्हणाल्या. माझ्याशी नव्हे, आतल्या मुखवट्याशी. "दोन वरीस झाली, म्या मनात म्हनायची, बस उपाशी. आन् तू हितं बसून खातीस? कुनाच्या दारात जायला नगं, ऊन नगं, पाय दुखायला नगं. कुलपात घातली तरी तुला लोकं आनून वाढत्यात." मग त्यांनी तळहात काचेवर आपटला. सगळं कपाट हललं, कवड्या वाजल्या. "आन् माझं गं? मला काय ठिवलंस? माझं एकच व्हतं की!"

आणि तिथं, त्या कुकरांच्या आणि वासरांच्या घरात, आत्या खाली बसून रडायला लागल्या. दोन वर्षं साठलेलं रडणं, त्याला आवाजही नीट सापडत नव्हता. मी ह्याचीच वाट बघत होते आणि आता ते ऐकवत नव्हतं. रोज दुसऱ्यांच्या नातेवाइकांना खांद्याला धरून बाहेर नेणारी मी, मला माझे हात कुठं ठेवावेत ते कळेना. खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटला. त्यांना भांडायला देवी तरी होती, काच आपटायला एक कपाट तरी होतं. माझ्याकडं फक्त हे दोन हात, ज्यांनी छाती दाबली आणि काही झालं नाही. मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले आणि मीही रडले.

झाडणारी बाई घाबरली. मग तिच्या लक्षात आलं. "तुमचीच हाय व्हय परडी? न्यायची आसंल तर सायबांना विचारते. तुमची वस्तू हाय, कोन न्हाय म्हनंल?"

आत्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "नगं. ऱ्हाऊ दे. तिचं बरं चाललंय हितं." आणि उठता उठता तिला विचारलं, "बाई, मूठभर पीठ मिळंल का घरात?"

बाईचं घर मागच्याच बाजूला होतं. ती वाटीत ज्वारीचं पीठ घेऊन आली. मला वाटलं, आत्या ते फटीतून परडीत सोडणार, आणि एवढ्या तमाशानंतर शेवटी देवीच जिंकणार. मी वाटी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती घेतली नाही. कपाटाकडं पाठ केली, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि पदर पसरला.

"वाढ. पयली मूठ घरची."

"आत्या, परडी आत आहे."

"असू दे. तिच्यासाठी न्हाय मागत." आणि मग त्यांनी त्याचं नाव घेतलं. पूर्ण नाव, हाक मारताना घ्यायच्या तसं, शेवटचं अक्षर लांबवून. "त्येच्या नावानं वाढ."

ते नाव त्या आवाजात मी दोन वर्षांनी ऐकत होते. मी मूठ भरली, पण ती मला पटकन उघडता येईना. आत्या पदर धरून थांबल्या. घाई केली नाही त्यांनी.

पदराला गाठ मारून ते पीठ आम्ही उमरग्याला आणलं. मूठभर पिठाची भाकरी केवढी होणार? तळहाताएवढी. दिवेलागणीला मी ती थापली आणि आत्या चुलीशी बसाव्यात तशा गॅससमोर स्टूल घेऊन बसल्या. गॅरेज सुरू केलं तेव्हा तो ग्रीसचे हात घेऊन जेवायला बसायचा, त्यावरून किती शिव्या खाल्ल्या, ते सांगत होत्या. मला ते माहीत होतं, तरी मी ऐकत होते. भाकरी फुगली. मी उतरवायला हात घातला, तशा त्या म्हणाल्या, "थांब जरा. त्येला कड करपलेली लागायची नव्हं?"

मी हो म्हणाले, आणि भाकरी आणखी थोडा वेळ तव्यावर राहू दिली.