साहेब, मी कवा जाऊ?

इंग्रजांच्या काळात पागलखान्यांवर सरकार देखरेख कशी ठेवायचं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. वर्ध्याच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हेच का सुचलं, असं कुणी विचारलं की मी काहीतरी विद्वत्तेचं उत्तर द्यायचो. खरं कारण माझी ताई होती. ती परजिल्ह्यातल्या एका सरकारी मनोरुग्णालयात होती आणि तिला बाहेर काढायची वाट मला सापडत नव्हती.

ताईला नाचणगावला दिलं होतं. दुसऱ्या बाळंतपणात मूल मेलेलंच जन्मलं. त्यानंतर ती दिवसभर न्हाणीत बसून दुपटी धूत राहायची, धुतलेलीच पुन्हा. भाऊजींनी काही महिने पाहिलं, मग कोर्टातून हुकूम आणून तिला भरती केलं. पुढे त्यांनी दुसरी बायको केली. ताईचा पहिला मुलगा तेव्हा नुकता चालायला लागला होता. आमच्याकडचं कुणी त्याला भेटायला गेलं तर दारातूनच परत लावायचे. बाबा विहारातल्या मोठ्या माणसांना घेऊन गेले, तरी तेच.

दवाखान्यात कारकून एकच वाक्य बोलायचा. "ज्यानं भरती केलं त्यानंच न्यायचं." आई-बाबा हे वाक्य ऐकत म्हातारे झाले आणि गेले.

म्हणून मी पार मुळापासून वाचायला बसलो. इंग्रजांनी कायदाच केला होता. प्रत्येक पागलखान्यासाठी सरकार पाहणी करणारी माणसं नेमायचं. त्यात अधिकारी असत, डॉक्टर असे, गावातले प्रतिष्ठित असत. त्यांनी दर महिन्याला येऊन सगळी इमारत पाहायची आणि जमेल तितकं प्रत्येक वेड्याला भेटायचं. मनात आणलं तर तिघांच्या सहीनं एखाद्याला सोडायचा अधिकारही त्यांना होता. हे वाचलं त्या दिवशी मला उगाच हुरूप आला. पण त्यांचे शेरे वाचत गेलो तसा तो उतरत गेला. साहेबांना गटारं दिसत, भिंतींचा चुना दिसे, तांदळाची प्रत दिसे. माणूस दिसलाच तर तो शांत आहे की दंगा करतो, एवढंच. बरी झालेली माणसंही न्यायला कुणी आलं नाही म्हणून तिथंच राहिली, तिथंच मेली. कुठे जायचंय, असं त्यांना कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

एकदा ताईला भेटायला गेलो तो नेमका तपासणीचा दिवस निघाला. बायकांच्या वॉर्डात फिनाईलचा वास भरला होता. सगळ्यांना कोऱ्या साड्या दिलेल्या. ताईचे केस तेल लावून चापूनचोपून बांधले होते.

"आज साहेब येऊन राह्यले," ती म्हणाली. "तू इथंच उभा राह्यजो."

साहेब आले. सोबत एक डॉक्टर आणि शहरातली दोन मंडळी. त्यांनी नळ सोडून पाहिले, एका गादीवरची चादर उचलून पाहिली. मग साहेबांनी ताईला विचारलं, "काय बाई, जेवण कसं असतं?"

"बरं असते साहेब. मी कवा जाऊ?"

"जाल, जाल. लवकरच," असं म्हणून ते संडासांकडे वळले.

ताई त्यांच्या मागोमाग गेली. "साहेब, मी कवा जाऊ?" आवाजात राग नव्हता, रडं नव्हतं. स्टँडवर बसची वेळ विचारावी तसं विचारत होती. आयाबाईनं तिला दंडाला धरून परत आणलं.

मग मात्र मला राहवलं नाही. मी साहेबांना आडवा गेलो. "ही माझी बहीण आहे. न्यायला मी तयार आहे. पण इथे ज्यानं भरती केलं त्याच्याच हवाली करतात."

त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "असा नियम आहे?"

"नाही. जवळच्या नातेवाइकाला नेता येतं. पेशंट तर केव्हाची स्थिर आहे."

"मग न्या ना," साहेब म्हणाले आणि स्वयंपाकघर पाहायला गेले.

नियमच नव्हता. आई-बाबांनी ज्याच्यापुढे हात जोडले, तो नियम कुठे नव्हताच. मला आनंद व्हायला हवा होता. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिलो.

ताई पिपरी मेघेला आमच्या घरी आली. जेवायची, माझ्या बायकोसोबत भाजी निवडायची. पण सिलिंडरवाला येवो की मीटर पाहणारा, ती पदर सारखा करून पुढे जायची. "साहेब, मी कवा जाऊ?"

"ताई, तुम्ही घरीच आहात ना," बायको म्हणायची. ताई मान हलवायची आणि पुढच्या माणसाला पुन्हा विचारायची.

शेवटी मीच विचारलं, "ताई, तुले जायचं कुठं हाये?"

मलाच काही कळत नसल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं. "पोरगं एकटं हाये ना घरी."

मी तिला नाचणगावला घेऊन गेलो. दार एका उंच, मिशीवाल्या पोरानं उघडलं. आम्ही कोण ते मी सांगितलं.

"मामा, मले तं आई वारली असंच सांगतलं होतं."

ताई त्याच्या बाजूनं आत पाहत होती. "इथं लहान पोरगं हाये का जी? आत्ताच निजवून गेलती मी."

भाऊजी मागच्या खोलीतून बाहेर आले नाहीत. त्यांची दुसरी बायको मात्र आली, ताईच्या पाया पडली आणि म्हणाली, "बाई, हाच तो. तुमचाच हाये."

ताईनं त्याला नीट पाहिलं. मायेनं पाहिलं, पण परक्याला पाहावं तसं. "नाई व. माहं लहान हाये."

त्या बाईनं तिला सगळ्या खोल्या पाहू दिल्या. ताईनं पलंगाखाली पाहिलं, न्हाणीत पाहिलं. मग बाहेर येऊन पायरीवर बसली.

परतीच्या बसमध्ये देवळी गेल्यावर ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "चाल आता, कुठंबी."

त्यानंतर तिनं कुणालाच काही विचारलं नाही.

पोरगा दोनदा घरी आला, संत्री घेऊन. ताई उठून त्याला खुर्ची द्यायची. "बसा. पानी आनू?"

"आई, मी हावो."

ती आत जाऊन पाणी आणायची. तो ते पिऊन टाकायचा आणि रिकामा गिलास हातात धरून बसायचा. उन्हाळ्यापासून तो आलेला नाही. मीही त्याला फोन करत नाही. ये म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?