विहिरीत गार केलेलं सॅलड

त्या उन्हाळ्यात मला झोप लागत नसे. कारण एकच, आमची कुमुद. चार वर्षांची झाली, घरात दिवसभर टकळी चालू. पण कुणाकडे गेलो की ओठ शिवल्यासारखे बंद! माणगावला असताना असं नव्हतं. उलट तिथं ती जरा जास्तच बोलायची. "बाबा म्हणतात, तुमचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी," असं शेजारच्या काकूंना त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून सांगून आली होती! मग यांची बदली अलिबागला झाली आणि पोर परक्या घरात एकदम मुकी. मी मॅट्रिक पास, त्यात मुलांच्या संगोपनावरची दोन पुस्तकं वाचलेली. त्यामुळे काळजीला मुद्दे इतर बायांपेक्षा जास्त!

तेवढ्यात मी महिला मंडळात जायला लागले. तिथं एक कळलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. दहा-बारा बाया आणि एक नवा पदार्थ एकत्र आणा. पांढऱ्या कांद्याच्या माळेसारखे एकात एक गुंफलेले किस्से आपोआप आढ्याला लोंबायला लागतात. आमच्या मंडळातला तो पदार्थ म्हणजे मॅकरोनी सॅलड.

*

मॅकरोनी अलिबागेत आणली ती माईंनी. माई म्हणजे आमच्या प्रेसिडेंट, वकिलांच्या पत्नी. मुंबईला एका पारशी मैत्रिणीकडे पार्टीत त्यांनी ते सॅलड खाल्लं आणि धक्क्यावरून लाँचमध्ये बसताना मांडीवर मॅकरोनीचा टिन घेऊनच बसल्या. घरी आल्यावर टिन उघडला, नळ्या परातीत ओतल्या आणि सासूबाईंना दाखवल्या.

सासूबाईंनी एक नळी उचलली, उजेडाकडे धरली, आरपार बघितलं. मग सगळी परात बघितली. शेवटी हात जोडून म्हणाल्या, "माई, शेवया मीही जन्मभर केल्या गं. पण एवढ्यांना भोकं पाडत बसणारी ती बाई कोण असेल? तिला माझा नमस्कार सांग!"

*

आता सॅलडबद्दल. मूळ रेसिपीत अंडं. ते मंडळात चालणं शक्य नव्हतं. माईंनी घट्ट चक्का घेतला, त्यात म्हशीच्या दुधाची ताजी साय घालून रवीनं हलक्या हातानं घुसळलं. मोहरी लिंबाच्या रसात वाटून लावली, चवीला साखर, मीठ, मिरपूड. त्यात उकडून निथळलेली मॅकरोनी, काकडी, आणि आपला अलिबागचा पांढरा कांदा बारीक चिरून. वर झाकण ठेवून दोन तास गार करायचं.

पहिला चमचा मी तोंडात घातला तो क्षण मला अजून आठवतो. आधी गार, मग मऊ, मग साईचा गुळगुळीतपणा, आणि नंतर कुठून तरी मागून येणारा मोहरीचा झणका! डोळ्यांत पाणीच आलं. देवळात बसतो तशा आम्ही बशा धरून बसलो होतो.

त्या दिवशी ठरलं. दर महिन्याला एकीनं आपल्या घरी बैठक बोलवायची आणि हेच सॅलड करायचं.

*

पहिला नंबर यमूताईंचा, पोस्टमास्तरांच्या पत्नी. हातात घेतली तर नळी दगडासारखी कडक! त्यांनी विचार केला, साबुदाणाही कडक असतो; आपण काय करतो? रात्री भिजत घालतो. टिनभर मॅकरोनी रात्री पाण्यात. सकाळी पातेल्यात नुसती खळ!

दुसरी असती तर आजारी पडल्याचा निरोप धाडून मोकळी झाली असती. यमूताईंनी खळ शिजवली, मीठ-जिरं घातलं आणि सोऱ्यातून अंगणात कुरडया घातल्या. बैठक आठवडाभर पुढे ढकलली. कडक ऊन होतंच. बैठकीच्या दिवशी सगळ्यांपुढे तळलेल्या कुरडयांचं ताट!

माईंनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी घेत विचारलं, "यमू, इतकी हलकी कुरडई! गहू कुठला गं?"

यमूताई शांतपणे म्हणाल्या, "इटलीचा!"

*

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे सॅलड गार करणं. तेव्हा आमच्या आळीत फ्रीज कुणाकडे असणार? पण विहीर होती. झाकणाचा पितळी डबा दोरीला बांधायचा आणि पाण्याला जेमतेम टेकेल असा सोडायचा. दोन तासांत बर्फासारखा गार!

सेक्रेटरी शांताबाईंनी असाच डबा सोडला. विहीर तीन घरांत मिळून. त्याच काठाला शेजारच्या अण्णांचं दह्याचं भांडंही लटकत होतं. अण्णा दुपारी उठले, चष्म्याशिवायच विहिरीवर आले, हाताला लागली ती दोरी ओढली. डबा घेऊन पडवीत बसले, भाकरीबरोबर अर्धा संपवला.

मग आत हाक मारली, "सूनबाई, दही आज फार सुरेख लागलंय हो! पण त्याला नळ्या कधीपासून यायला लागल्या?"

*

आता माझ्या काळजीचं काय झालं ते सांगते. मंडळाची बालवाडी जूनमध्ये सुरू व्हायची होती. कुमुदला घेऊन मी माईंकडे गेले. निघताना वेणी घातली, रिबीन बांधली, नेहमीच्या सूचना दिल्या. माईंनी तिला मांडीवर घेतलं. नाव विचारलं, गप्प. काऊ-चिऊ विचारलं, गप्प. शेवटी मॅकरोनीची एक नळी हातात दिली. "हे काय आहे, सांग बरं?"

कुमुदनं नळी डोळ्याला लावली आणि तिच्यातून माईंकडे बघत बसली. तोंडातून हूं नाही की चूं नाही!

"बघते तर नीट," माई मला हळूच म्हणाल्या. "पण बोलत नाही हे बरं नव्हे. जूनपर्यंत वाट बघू. नाहीतर मुंबईच्या डॉक्टरांना दाखवून या."

घरी परतताना मी रस्ताभर मनात दोन्ही पुस्तकं उलटून पाहिली. आणि दाराशी पोचल्याबरोबर कुमुदला दम निघेना. लगेच, "आई, माईंच्या नाकावर तीळ आहे, नळीतून मोठा दिसतो!"

शेजारच्या हिराबाईंचा नवरा होडीवर. त्यांना मी हे सगळं सांगितलं. त्या हसल्या. "आवं वैनी, तुमच्या ओट्यावर मी आली का पोपट. माज्या घरात आली का मुकी. पोरीला काय व्हत न्हाय!"

पण काळजी करणाऱ्या बाईला असल्या बोलण्यानं कधी धीर आलाय?

*

एप्रिलात माझा नंबर आला. आमच्या भाड्याच्या घरात मंडळ पहिल्यांदाच येणार. मी मॅकरोनी भिजवली नाही, उकडली. एकेक नळी बोटानं दाबून बघितली. चक्का रात्रीपासून टांगलेला. सगळं जमलं, आणि तेच मला खटकायला लागलं. माझ्या हातून सगळं कसं जमेल?

डबा दोरीला बांधून विहिरीत सोडला. अण्णांची गोष्ट आठवून तिथंच राखण करत बसले. शेजारी कुमुद. थोड्या वेळानं शंका आली, गाठ सैल तर नाही? डबा ओढला, गाठ पक्की केली, सोडला. पुन्हा शंका. पुन्हा ओढला. असं किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी तर कमालच केली. डबा काठाच्या बाहेर लोंबत असताना, गाठ खरंच घट्ट बसली आहे ना, हे बघायला मी ती सोडली!

डुबुक!

"आई, गेलं," कुमुद म्हणाली.

मी मटकन खाली बसले आणि रडायला लागले. तो आवाज ऐकून हिराबाई गळ घेऊनच आल्या. विहिरीत पडलेली भांडी काढायचा तो लोखंडी आकड्यांचा गळ. "रडताय कशाला? हितून हंडे काढलेत, कळश्या काढल्यात. तुमचा डबा काय समुद्रात गेलाय?" त्यांनी गळ टाकला, तळ चाचपला, आणि डबा वर!

झाकण घट्ट होतं, पण थोडं पाणी आत शिरलंच होतं. मी ढवळलं, चाखलं. बिघडलं की सुधारलं, तेही मला ठरवता येईना! दुसरं करायला मॅकरोनी नव्हती, वेळही नव्हता. ओटीवर चपला वाजायला लागल्या होत्या.

बशा भरल्या. माईंनी एक चमचा घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला.

"अगंबाई!" माई म्हणाल्या. "माझं नेहमी घट्ट होतं, शांताचं गोळा होतं. हे कसं सरसरीत झालंय बघा! साय वितळून नळ्यांच्या अंगाला लागल्यासारखं. आणि गार किती! काय घातलंस गं यात?"

सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे. मी तोंड उघडलं, शब्द फुटेना. आयुष्यात पहिल्यांदाच मुकी झाले ती मी!

आणि माझ्या पदरामागून खणखणीत आवाज आला, "विहीर!"

बारा चमचे हवेत थांबले.

"डबा विहिरीत पडला. मग आई रडली. मग हिराबाईंनी गळानं काढला. मग आईनं ढवळलं, आणि तुम्हाला वाढलं."

बशीकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही, माझंसुद्धा! बाराजणींसमोर माझी पोर उभी होती आणि एकेक शब्द मोत्यासारखा ठेवत होती. तिची ही वाक्यं ऐकायला मी असे दहा डबे विहिरीत सोडले असते.

माईंनी बशी खाली ठेवली, तिला जवळ ओढलं. "अगं लबाडे! तुला तर सगळं बोलता येतं! मग माझ्याकडे आलीस तेव्हा एवढी गप्प का बसली होतीस?"

कुमुदनं आधी माझ्याकडे बघितलं, मग माईंकडे.

"आई रोज सांगते, लोकांच्या घरी गेल्यावर तोंड उघडायचं नाही. आज तुम्हीच आमच्या घरी आलायत."