आजाऱ्याची हुग्गी

आमच्या लोहारा गावाकडं रोजचं खाणं म्हणजे ज्वारीची भाकरी. गहू सणाला, न्हायतर आजाऱ्याला ताकद यावी म्हणून. धाकट्या पोरीचं पोट फुगलं, हातपाय काड्या झाले, जुलाब थांबेनात, तेव्हा मी हट्टानं खपली गहू आणून तिला गुळाची खीर चारायला लावली. ह्या खिरीला आम्ही हुग्गी म्हणतो. माझी पोर नुसत्या भाकरीवर ठेवायची न्हाय, असा माझा बाणा.

जवळच्या डाक्टरांनी पोरीच्या आईलाच बोल लावून वाटेला लावलं. सोलापूरच्या डाक्टरांनी मात्र माझ्या बायकोला खुर्ची दिली आणि विचारलं, "बाई, काय खाल्लं की जास्त होतं?"

"हुग्गी," ही चाचरत म्हणाली. "पण घरात माझं कोण ऐकतंय?"

त्यांनी शी तपासली, पोरीला दवाखान्यात ठेवून गहू बंद केला. हळूहळू जुलाब थांबले, पोर खेळायला लागली. "हिच्या आतड्याला गहू सोसत नाही," ते म्हणाले. "जन्मभर ज्वारीच द्या."

मला लई आनंद झाला. हिनं मात्र विचारलं, "आमचा थोरला असाच सुकून गेला, साहेब. त्याला बी आम्ही हुग्गीच चारली. मग त्याचं बी…?"

"गप बस," मी म्हटलं.

"बोलू द्या त्यांना," डाक्टर म्हणाले. मग हिला म्हणाले, "तसं असेलही, ताई. पण माझ्या आईनंही मला तेच भरवलं असतं."

ही तिथंच हंबरडा फोडून रडली. डाक्टरांनी उठून दार लावलं आणि तिचं रडणं सरेस्तोवर तिच्यासमोर बसून राहिले. मला मात्र तिच्याकडं बघवलं न्हाय.