रिटायर कोणी व्हायचं?

आमच्या ऑफिसात रिवाज होता, रिटायर होणाऱ्याला हार घालून, टॅक्सीत बसवून चौघांनी घरापर्यंत सोडायचं. परत येऊ नये म्हणून सोडतात, असं मी दरवेळी म्हणायचे. माझी पाळी आली तेव्हा टॅक्सी घाटकोपरला आमच्या बिल्डिंगखाली थांबली. सुनेनं दारात ओवाळलं, मी आत येऊन खुर्चीवर टेकले, आणि मुलानं आठ महिन्यांची नात आणून हारासकट माझ्या मांडीत ठेवली.

"आता आजीची ड्युटी सुरू," तो म्हणाला. ऑफिसच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेहेतीस वर्षं टायपिस्ट म्हणून मान मोडून काम केलं होतं, आणि मला न विचारताच माझं पुढचं ठरलं होतं. माझं डोकंच फिरलं. पण गळ्यात हार असताना भांडता येत नाही.

शिवाय चूक माझीही होती. स्टेशनजवळच्या टायपिंग क्लासला मी शिकवायला येते म्हणून शब्द देऊन बसले होते, दहा ते पाच, सोमवारपासून. घरात सांगायचं तेवढं राहिलं होतं.

रविवारी सांगितलं आणि घरात वणवा पेटला. नातीला तोवर विहीणबाई सांभाळायच्या, त्या आता कायमच्या कोकणात निघाल्या होत्या. पाळणाघराचं नाव मुलगा काढू देईना. तुला काय कमी आहे, असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. कमी काही नव्हतं. मशीनवर बोटं पडली की माझं डोकं शांत व्हायचं, आणि घरात ते कधीच व्हायचं नाही, हे पोटच्या पोराला कसं सांगायचं? सून अंधेरीला औषधांच्या कंपनीत होती. ती काहीच बोलली नाही. तिच्या न बोलण्याचाच मला जास्त राग आला.

मी सोमवारी क्लासला गेले. सुनेनं पंधरा दिवसांची रजा टाकली. ती संपायच्या आदल्या संध्याकाळी तिनं एक कागद माझ्यापुढे धरला.

"आई, एवढं टाईप करून द्याल?"

राजीनामा होता. तू जा, मी थांबते, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. मी ते गिळलं. दुसऱ्या दिवशी क्लासच्या मशीनवर टाईप करून आणून दिला, एकही खाडाखोड नव्हती.

आमचे हे माझ्या दोन वर्षं आधीच रिटायर झाले होते. धडधाकट माणूस. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी बागेतल्या बाकावर गप्पा. त्या सगळ्या भांडणात ते एवढंच म्हणाले की, हळू बोला, पोर उठेल. नातीला सांभाळायला घरात हा एक माणूस रिकामा बसलाय, हे त्यांना सुचलं नाही, मुलाला नाही, सुनेला नाही. मला सुचलं तेव्हा नात शाळेत जायला लागली होती.